आघाडी कागदावर नेमकी कुठं असते?

राजारामपुरी आठवी गल्ली | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

लेक दहावीला आहे. काल राज्यशास्त्राची वही घेऊन बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "बाबा, पक्षाची नोंदणी निवडणूक आयोगाकडं होते ना? मग महायुतीची आणि महाविकास आघाडीची कुठं होते?" मी म्हटलं, होत असेल मुंबईत. "मुंबईत कुठं?" इथं मी गप्प झालो.

या प्रश्नात माझा स्वतःचा एक राग अडकलाय. २०१९ च्या ऑक्टोबरात मी युतीला मत दिलं. कुठल्या चिन्हाला ते सोडा, 'युती' म्हणून दिलं. निकाल आला : भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ लागतात, युतीचे १६१ झाले. मला वाटलं, झालं सरकार. त्यानंतर राष्ट्रपती राजवट लागली, २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी झाला, २८ ला शिवाजी पार्कवर वेगळंच सरकार आलं. २०२२ च्या जूनअखेर आणखी वेगळं, आणि २ जुलै २०२३ ला त्यात तिसरा भिडू. मला मात्र मधे एकदाही कुणी विचारलं नाही.

माझं मत सरळ आहे. दोन पक्षांनी एकत्र येऊन मत मागितलं असेल तर वेगळं होताना त्यांनी पुन्हा दारात यावं. तुम्हाला काय वाटतं? आणि लेकीच्या प्रश्नाचं उत्तर कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. कोण चांगला, कोण वाईट यावरून भांडण नको, ते रोज टीव्हीवर असतंच.

शिवाजीपेठकर | रात्री ९.५८

नोंदणी कुठंच होत नाही दादा. पत्रकार परिषदेत हात उंचावून फोटो काढतात, तीच नोंदणी.

वकील आक्का | रात्री १०.३१

लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे.

आघाडीची नोंदणी होत नाही, कारण कायद्याच्या नजरेला आघाडी दिसतच नाही. उमेदवार लढतो आपल्या पक्षाच्या चिन्हावर, आणि निवडून आल्यावर तो त्या पक्षाचा आमदार असतो. घटनेतलं कलम १६४ म्हणतं की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. केंद्रासाठी तेच कलम ७५ मध्ये आहे. मंत्री एका पक्षाचे की पाच पक्षांचे याच्याशी घटनेला देणंघेणं नाही. सभागृहाचा विश्वास आहे की नाही, एवढंच ती विचारते.

कागद म्हणाल तर एकच असतो : राज्यपालांकडं जाणारं पाठिंब्याचं पत्र. पक्षाचा गटनेता ते देतो, सोबत आमदारांच्या सह्यांची यादी जोडतात. सरकार जन्मतं त्या पत्रावर, पण टिकतं सभागृहात. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं हे पक्कं केलं. बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं.

निवडणुकीआधीच्या युतीला मान मिळतो तो एकाच ठिकाणी. कुणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर राज्यपालांनी कुणाला आधी बोलवावं याचा क्रम केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं सांगितलाय. सर्वांत आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतरची अशी आघाडी की जिच्यातले सगळे सरकारात बसणार आहेत, आणि शेवटी काही जण आत आणि काही जण बाहेरून पाठिंबा देणारे. हा संकेत आहे, कायदा नाही. आणि युतीनं स्वतःच दावा केला नाही, तर मान द्यायचा कुणाला?

मिसळ कट | रात्री १०.४४

आक्का, म्हणजे मिसळीसारखंच की. मटकी, फरसाण, कट, सगळं वेगवेगळ्या भांड्यातनं येतं. वाटीत पडलं तरच मिसळ. आणि कट कुणाच्या वाट्याला किती, यावरनंच सगळी भांडणं!

दूधसंस्थेचा सचिव | रात्री ११.०५

मी गावाकडचा माणूस, आमच्या भाषेत सांगतो. युती म्हंजे पैरा. तुझा एक बैल, माझा एक बैल, औत दोघांचं मिळून. आज तुझं रान, उद्या माझं. पैरा काय तलाठ्याकडं नोंदवत न्हाईत. तो मोडतो कवा? पहिल्याचं रान नांगरून झालं आणि दुसऱ्याची पाळी आली की. २०१९ ला मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांवरनं जे झालं ते हेच. एक म्हणतोय पाळी ठरली होती, दुसरा म्हणतोय ठरलीच नव्हती. पैऱ्याला साक्षीदार नसला की असंच व्हायचं.

आणि आपल्या जिल्ह्यात तर मुंबईची युती पंचगंगेच्या अलीकडं चालतच न्हाई. इथं चालतो गट. २०२१ ची गोकुळ दूध संघाची निवडणूक आठवा. काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे मुश्रीफ एका पॅनेलात, आणि काँग्रेसचेच पी. एन. पाटील समोरच्या महाडिकांच्या पॅनेलात. २१ पैकी १७ जागा घेऊन सत्ता बदलली. तवा आम्हा ठरावधारकांना, म्हंजे गावच्या दूधसंस्थांच्या वतीनं मत देणाऱ्यांना, कुणी पक्ष विचारला न्हाई. दूधदराचं काय, एवढंच विचारणं होतं. मला तरी ती आघाडी खरी वाटली, कारण कशासाठी एकत्र आलाय ते दहा दिवसाला बिलात कळत होतं.

पंचगंगा | रात्री ११.२०

@दूधसंस्थेचा सचिव, काका, पैऱ्याची उपमा आवडली, पण एक गोष्ट सुटली. पैऱ्यात रान दोघांचंच असतं. इथं रान आपलं आहे.

मला आघाडी सरकारं आवडत नाहीत, स्पष्ट सांगते. आघाडीत धोरण ठरत नाही, वाटप ठरतं. २००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ जागा आल्या, काँग्रेसच्या ६९. मोठा पक्ष राष्ट्रवादी, पण मुख्यमंत्री काँग्रेसचा झाला. बदल्यात राष्ट्रवादीनं उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीची मंत्रिपदं घेतली. हा सौदा झाला, राज्यकारभार कुठं झाला? उपमुख्यमंत्री हे पद तर घटनेतही नाही. आता पालकमंत्र्यांवरून बघा. २०२५ च्या जानेवारीत याद्या आल्या आणि रायगड, नाशिकच्या नेमणुका लगेच थांबवाव्या लागल्या. आपल्याकडं पालकमंत्री आणि वर सहपालकमंत्री. एका जिल्ह्याच्या खड्ड्यांना दोन मंत्री लागतात का?

शिवाजीपेठकर | रात्री ११.२६

खड्ड्यांची संख्या बघता दोन कमीच पडतील ताई.

वकील आक्का | रात्री ११.४१

@पंचगंगा, वाटपाला एक लगाम आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. त्याआधी पाठिंबा देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मंत्री करायची सोय होती. उत्तर प्रदेशात १९९७ ला नव्वदच्या वर मंत्री झाले होते. महामंडळांना मात्र हा लगाम नाही, म्हणून उरलेल्यांची सोय तिथं लागते.

निपाणीकर | सोमवार, सकाळी ७.१५

आम्ही बाजार कोल्हापुरात करतो आणि मत कर्नाटकात देतो, त्यामुळं दोन्हीकडचा अनुभव.

पाळीचं राजकारण आमच्याकडं आधीच होऊन गेलंय. २००६ च्या फेब्रुवारीत जनता दल सेक्युलर आणि भाजपचं ठरलं : २० महिने कुमारस्वामी, पुढचे २० महिने येडियुरप्पा. पहिले २० महिने झाले आणि कुमारस्वामींनी खुर्ची सोडायला नकार दिला. थोडे दिवस राष्ट्रपती राजवट, मग पुन्हा दिलजमाई, नोव्हेंबर २००७ मध्ये येडियुरप्पांची शपथ, आणि सात दिवसांत पाठिंबा गेला. पुढच्या निवडणुकीत, २००८ ला, लोकांनी भाजपला सर्वांत मोठा पक्ष केलं आणि येडियुरप्पा मुख्यमंत्री झाले.

हे मी आठवी गल्लीच्या दादांसाठी लिहितोय. मतदाराला मधे विचारत नाहीत हे खरं, पण शेवटी त्याची पाळी येतेच.

राजारामपुरी आठवी गल्ली | सकाळी ८.०२

@निपाणीकर, येते, पण पाच वर्षांनी. तोवर माणूस विसरतो, किंवा पक्षच दोन झालेले असतात. २०२४ ला मी मतदान केंद्रात उभा राहून 'माझा पक्ष यातला कुठला?' असा विचार करत होतो. माझ्या वडिलांनी साठ वर्षं मत दिलं, त्यांना कधी असं उभं राहावं लागलं नाही.

हुपरीचा चांदीवाला | सकाळी १०.५०

पाळी मोडतेच असं नाही बरं का. पैंजणं, जोडवी घेऊन मी पंधरा वर्षं केरळात फिरतोय. तिथं दोन आघाड्या आहेत, डाव्यांची एलडीएफ आणि काँग्रेसची यूडीएफ. १९८० च्या सुमारापासून त्याच दोघी, आणि सगळं निवडणुकीआधी ठरलेलं. त्रिशूरच्या दुकानदाराला विचारा, तो पक्षाचं नाव नंतर सांगतो, आघाडीचं आधी.

छोट्या पक्षांना अडीच-अडीच वर्षं मंत्रिपद द्यायचं असं त्यांच्यात ठरलं होतं. २०२३ च्या डिसेंबरात दोन मंत्री ठरल्याप्रमाणे उतरले आणि दुसऱ्या दोन पक्षांचे दोन चढले. मी तेव्हा तिथंच होतो. पेपरात बातमी आली आणि लोक चहा पीत राहिले. मला आपली कोल्हापूरची महापौरपदाची वाटणी आठवली. कुणी किती महिने, याचा हिशोब ठेवता ठेवता महापौरांची नावंही लक्षात राहायची नाहीत.

बंगालचं तर आणखी वेगळं. १९७७ ते २०११ अशी ३४ वर्षं डावी आघाडी. माकपला पुष्कळ वेळा एकट्याच्या जोरावर बहुमत होतं, तरी फॉरवर्ड ब्लॉक, आरएसपी या छोट्या मित्रपक्षांना बाहेर काढलं नाही.

लाल बावटा | दुपारी १.३०

माझं वय ७४. मूळ गाव कागल तालुक्यात, आता शाहूपुरीत मुलाकडं असतो. या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं, कारण आघाडी मी पेपरात वाचली नाही, तिच्यासाठी सायकलवरून भिंती रंगवल्यात.

१९७८ ला महाराष्ट्रात कुणालाच बहुमत नव्हतं. जनता पक्ष सर्वांत मोठा. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे उपमुख्यमंत्री. मांडीला मांडी लावून बसले, पण चार महिनेच. जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. जनता पक्ष, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), माकप असे सगळे एका झेंड्याखाली. आमचे एन. डी. पाटील सर त्यात सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिराबाईंनी ते सरकार बरखास्त केलं. तेव्हा बोम्मई निकाल नव्हता, सभागृहात आकडा मोजायची तसदी कुणी घेतली नाही.

दुसरी आठवण १९९९ ची. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. चार महिन्यांपूर्वी फुटलेले दोघं, एकमेकांविरुद्ध लढलेले, निकालानंतर एकत्र आले. तरी बहुमत नव्हतं. शेकापसारखे छोटे पक्ष लागले, आणि लोकशाही आघाडीचे निमंत्रक झाले एन. डी. पाटील. म्हणजे त्या सरकारची गाठ आपल्या कोल्हापुरात मारलेली होती. निमंत्रकाकडं सही नसते, बंगला नसतो. कोण कुणावर रुसलंय हे आधी त्याला कळायला लागतं. सरांना ते कळायचं, कारण त्यांना स्वतःला काही नको होतं. दिल्लीत वाजपेयींच्या वेळी जॉर्ज फर्नांडिसांनी हेच काम केलं.

२००२ मध्ये रायगडच्या स्थानिक राजकारणात राष्ट्रवादीशी बिनसलं आणि शेकापनं पाठिंबा काढला. सरकार कसंबसं वाचलं. तेव्हा मी पक्षाच्या निर्णयाच्या बाजूनं होतो. आज वाटतं, एका जिल्ह्याच्या भांडणासाठी राज्याचं सरकार पणाला लावायला नको होतं. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहून काढतोय.

@पंचगंगा, मुली, आघाडीत फक्त वाटप होतं म्हणतेस. २००४ चा संपुआचा, म्हणजे केंद्रातल्या काँग्रेसच्या आघाडीचा, किमान समान कार्यक्रम काढून बघ. रोजगार हमी कायदा करू आणि माहितीचा अधिकार भक्कम करू, असं त्यात लिहिलेलं होतं. डावे बाहेरून पाठिंबा देत होते आणि पाठीस लागत होते. दोन्ही कायदे २००५ ला झाले. रोजगार हमी तर मुळात आपल्या महाराष्ट्राची, कायदा १९७७ चा.

पंचगंगा | दुपारी २.१०

काका, २००२ बद्दल तुम्ही जे लिहिलंत ते लिहायला धाडस लागतं. नमस्कार.

रोजगार हमीचा मुद्दा मान्य. म्हणजे मी असं म्हणायला हवं होतं की ज्या आघाडीला कार्यक्रम आधी लिहावा लागतो ती काम करते, आणि जिला फक्त खाती लिहावी लागतात ती भांडते. महाविकास आघाडीनंही २०१९ ला किमान समान कार्यक्रम काढला होता, पण निकालानंतर. मतदानाआधी तो माझ्यासमोर नव्हता. माझी तक्रार एवढीच.

मिसळ कट | दुपारी २.१८

आज धाग्यावर काका-पुतणी युती झाली. बाहेरून माझा पाठिंबा.

भुदरगडचा मास्तर | सायंकाळी ६.४५

शाळा सुटल्यावर सगळं वाचलं. 'कागद' या शब्दावर अडलो, कारण आमच्या घरात तो कागद होता.

आमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. दोन गटांनी मिळून पॅनेल केलं, पाच निवडून आले. उपसरपंचपदाला चार जण इच्छुक. पाच वर्षं भागिले चार, सव्वा-सव्वा वर्ष. ग्रामदैवताच्या देवळात गुलाल उचलून शपथ घेतली. माझ्या वडिलांवर दोन्ही गटांचा विश्वास, म्हणून पहिल्या तिघांचे तारीख न घातलेले राजीनामे त्यांच्याकडं ठेवले. वडिलांनी ते ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली ठेवले होते.

सव्वा वर्ष झालं. पहिल्याला निरोप गेला. तो आला, चहा प्याला आणि म्हणाला, "अण्णा, माझी दोन कामं अर्धी राहिल्यात, सहा महिने द्या." सहाचे आठ झाले. शेवटी वडिलांनी कागदावर तारीख घालून तो सरपंचाकडं दिला. तर यानं सांगितलं, सही माझी खरी, पण राजीनामा माझा नाही. मी तो आज दिलेलाच नाही. आणि बघा, तो खोटं बोलत नव्हता!

मग अविश्वास ठरावाची भाषा सुरू झाली. दोन तृतीयांश पाहिजेत, म्हणजे नवातले सहा. तो उलटल्यावर आमच्याकडं उरले चार. म्हणून विरोधी पॅनेलच्या दोघांकडं जावं लागलं. ज्यांच्या विरोधात प्रचार केला त्यांच्याच ओसरीवर रात्री अकरा वाजता. त्यांनी एकच अट घातली : पुढचा उपसरपंच आमचा. दिला. आमचे उरलेले तिघं इच्छुक तसेच राहिले.

वडिलांनी बाकीचे दोन राजीनामे चुलीत घातले. त्या दिवसानंतर त्यांनी गावच्या कुठल्याच बैठकीत मध्यस्थी केली नाही. मला राग त्या माणसाचा नाही, त्यानं वडिलांची पत घालवली याचा आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली | सायंकाळी ७.२०

मास्तर, लेकीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या आजोबांनी राज्यपालांचं काम केलं."

वकील आक्का | रात्री ९.००

मास्तरांच्या गावात जे नऊ जणांत झालं तेच ५४३ जणांत होतं. १७ एप्रिल १९९९. अण्णा द्रमुकनं पाठिंबा काढला, वाजपेयी सरकारच्या बाजूनं २६९, विरोधात २७०.

आता आठवी गल्लीच्या दादांच्या मूळ रागाकडं येते. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे दहावी अनुसूची, १९८५ ला ५२ व्या दुरुस्तीनं आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट' मान्य होती. २००३ च्या ज्या दुरुस्तीनं १५ टक्क्यांचा लगाम घातला, तिनंच ही पळवाट काढून टाकली. आता दोन तृतीयांशांसह विलीनीकरण एवढंच वाचवतं. पण हा कायदा बांधतो आमदाराला, पक्षाला नाही. एक आमदार पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाच्या आदेशाविरुद्ध, गेला तर त्याचं पद जाऊ शकतं. अख्खा पक्ष एका आघाडीतून उठून दुसरीत गेला तर त्याला पक्षांतर म्हणतच नाहीत. बिहारात नितीशकुमार २०१७, २०२२ आणि २०२४ असे तीनदा इकडून तिकडं गेले. तिन्ही वेळा मुख्यमंत्री तेच, आणि कायदा कुठंच मोडला नाही.

आणि अपात्रतेचा निर्णय कोण करतं? सभागृहाचा अध्यक्ष. म्हणून वाटाघाटीत जाणता मित्रपक्ष आधी अध्यक्षपद मागतो. १९९८ ला तेलुगू देसमनं बाहेरून पाठिंबा दिला, पण लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी त्यांचे झाले. आपल्याकडं काय झालं ते आठवा. नाना पटोलेंनी ४ फेब्रुवारी २०२१ ला अध्यक्षपद सोडलं, आणि महाविकास आघाडीनं ती खुर्ची सरकार पडेपर्यंत भरलीच नाही. सव्वा वर्षाहून जास्त. ३ जुलै २०२२ ला ती भरली, तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं. अपात्रतेचा निकाल त्या नव्या अध्यक्षांनी दिला, १० जानेवारी २०२४ ला.

तसंच, ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं योग्य नव्हतं, पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत बसवता येत नाही. सरकार पडताना दिसलं तरी सभागृहात उभं राहावं, हा त्यातला धडा पुढच्या प्रत्येक आघाडीनं लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिवाजीपेठकर | रात्री ९.१५

कार्यकर्त्याचं पण कुणीतरी लिहा की. २०१९ च्या लोकसभेला आघाडीत जागा राष्ट्रवादीची, उमेदवार महाडिक. पण सतेज पाटलांचा गट 'आमचं ठरलंय' म्हणत सेनेच्या मंडलिकांबरोबर गेला. पेठेत एका घरात तीन झेंडे होते. २०२२ च्या कोल्हापूर उत्तरच्या पोटनिवडणुकीत सेनेनं आघाडी म्हणून जागा काँग्रेसला सोडली. मी सेनेचा, आयुष्यभर ज्या हाताच्या पंज्याविरुद्ध घोषणा दिल्या त्याचीच पत्रकं वाटली. वरून आदेश आला म्हणून. कागलात तर २०२३ ला अजितदादा महायुतीत आल्यावर मुश्रीफ आणि त्यांचे विरोधक समरजित घाटगे एकाच बाजूला आले, आणि घाटग्यांना पुढच्या वर्षी पवारसाहेबांच्या राष्ट्रवादीत जाऊन लढावं लागलं. वरच्यांचं एका रात्रीत जुळतं. आमचं शेजारी-शेजारी बोलणं बंद झालेलं असतं, ते जुळायला वर्षं जातात.

दूधसंस्थेचा सचिव | रात्री ९.२२

लाख बोललास भावा.

राजारामपुरी आठवी गल्ली | रात्री ९.५०

@वकील आक्का, मग हा कायदा पक्षाला का लावत नाहीत? युती म्हणून निवडून आलात, मोडायची असेल तर राजीनामा द्या आणि पुन्हा लढा. यात अवघड काय आहे?

वकील आक्का | रात्री १०.२०

दादा, तुम्ही जे म्हणता ते सरकारी अहवालात लिहिलेलं आहे. विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात सुचवलं होतं की निवडणूकपूर्व आघाडीला पक्षांतरबंदीसाठी एकच पक्ष धरावं. पुढं २००७ ला दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं, वीरप्पा मोईली अध्यक्ष होते, स्पष्ट शिफारस केली : समान कार्यक्रमावर जनादेश घेतलेल्या आघाडीतला पक्ष मधेच बाहेरच्या पक्षाशी जुळला, तर त्याच्या सदस्यांनी पुन्हा मतदारांकडं जावं. त्यासाठी घटनादुरुस्ती करावी. ती झाली नाही.

लाल बावटा | रात्री १०.४८

मी याच्या विरुद्ध आहे, आणि मनापासून विरुद्ध आहे.

छोट्या पक्षाकडं एकच हत्यार असतं, बाहेर पडण्याचं. ते काढून घेतलंत तर मोठा पक्ष त्याला निवडणुकीपुरता वापरेल आणि पाच वर्षं दारात उभा ठेवेल. २००८ ला डाव्यांनी अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून पाठिंबा काढला. ते चूक की बरोबर ते बाजूला ठेवा, पण ते आधीपासून सांगत होते, समन्वय समितीत भांडत होते. २२ जुलैला सरकारनं २७५ विरुद्ध २५६ अशी मतं मिळवली आणि टिकलं. यात लोकशाहीचं काय बिघडलं? हां, माकपनं सोमनाथ चटर्जींना अध्यक्षपद सोडलं नाही म्हणून पक्षातून काढलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

जर्मनीत एक रीत आहे, ती मला जास्त पटते. तिथं चॅन्सेलरला पाडायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडून द्यावा लागतो. १९८२ ला हेल्मुट कोल असेच आले. पाडणाऱ्यानं आधी पर्याय उभा करावा.

पंचगंगा | रात्री ११.०२

मला मधला रस्ता दिसतो. बाहेर पडायची मुभा असू दे, पण पुढं जाऊन समोरच्याच्या मंत्रिमंडळात बसायचं असेल तर आधी निवडून या. पाठिंबा काढणं वेगळं आणि पलीकडं जाऊन शपथ घेणं वेगळं.

लाल बावटा | रात्री ११.०९

हे चालेल. याला माझा आतून पाठिंबा, बाहेरून नव्हे.

भुदरगडचा मास्तर | मंगळवार, सकाळी ६.५०

आक्का, एक शंका. पाठिंब्याच्या पत्रातली सही खरी, पण पाठिंबा खरा नाही, असं झालंय का कधी? आमच्या राजीनाम्यासारखं?

वकील आक्का | सकाळी ९.१०

अगदी असंच झालंय मास्तर, २०१९ ला. पहाटेच्या शपथविधीआधी राज्यपालांना दिलेल्या अजित पवारांच्या पत्रासोबत राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी होती. सर्वोच्च न्यायालय रविवारी, २४ नोव्हेंबरला बसलं आणि पत्रं दुसऱ्या दिवशी हजर करायला सांगितली. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की त्या सह्या गटनेता निवडण्यासाठी घेतल्या होत्या, भाजपला पाठिंबा देण्यासाठी नाही. सह्या खऱ्या होत्या यावर कुणाचाच वाद नव्हता. २६ तारखेला न्यायालयानं सांगितलं, उद्या सभागृहात उघड मतदान घ्या आणि थेट प्रक्षेपण करा. मतदान झालंच नाही. त्याच दिवशी आधी अजित पवारांनी, मग फडणवीसांनी राजीनामा दिला.

राजारामपुरी आठवी गल्ली | रात्री ८.३०

लेकीनं वहीत उत्तर लिहिलं, ते तिच्याच शब्दांत देतो : "आघाडीची नोंदणी होत नाही. आमदारांच्या सह्या असतात, पण त्या कशासाठी केल्या हे सभागृहात हात वर केल्यावर कळते." खाली तिनं स्वतःच एक प्रश्न लिहिलाय : "मतदानाच्या आधी दोन्ही पक्षांच्या सह्यांचा एक कागद मतदारांना का देत नाहीत?"

पुढच्या वेळी आमच्या गल्लीत जो कुणी युतीचा म्हणून येईल, त्याच्याकडं मी तो कागद मागणार आहे. मास्तर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

भुदरगडचा मास्तर | रात्री ८.४१

सांगतो. धागा वाचून दाखवला त्यांना. ट्रंक अजून तीच आहे म्हणाले.